आबूला जावे ते मधल्या वारी

बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये राजस्थानातल्या माउंट आबूचा बेत वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठरत आला आहे. शुक्रवारी रात्री निघायचे, सकाळी आबू रोडला उतरून जीप करायची, शनिवारी सगळे ‘पॉइंट’ उरकायचे आणि रविवारी नक्की तलावात नावेतून एक फेरी मारून परतीची गाडी धरायची. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही हेच चालत होते. या खेपेस मात्र आईला गुरुशिखरावर दत्तदर्शन करायचे होते आणि मावशीच्या गुडघ्यांना धावपळ झेपणारी नव्हती, म्हणून दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही गेलो आणि चांगले सवडीने राहिलो. आबू असाच पाहावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

पालनपूर मागे पडले की गाडीच्या उजव्या-डाव्या हाताला टेकड्या दिसू लागतात. आबू रोड स्थानकावर रबडी घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आम्हीही गेलो नाही. तेथून वरचे गाव २८ किलोमीटर आहे. घाट चढताना एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे हा डोंगर अरवलीच्या मुख्य रांगेत मिसळलेला नाही. मध्ये पश्चिम बनास नदीचे खोरे आहे आणि त्यामुळे आबू मैदानातून एकटाच उठलेला दिसतो. अंगाने तो ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा असतात, त्यांत पाणी शिरते, कडा आधी झिजतात आणि कालांतराने चौकोनी ठोकळ्याचा गोलसर धोंडा होतो. नक्कीच्या काठावरचा प्रसिद्ध ‘टोड रॉक’, म्हणजे तळ्यात उडी मारण्याच्या बेतात बसलेला तो दगडी बेडूक, याच झिजेतून घडला आहे. हे एकदा कळले की गावातल्या प्रत्येक वळणावर असे धोंडे दिसू लागतात.

वर पोहोचल्यावर बसस्थानकापाशी सामान वाहणाऱ्या लाकडी बाबागाड्या उभ्या असतात. मुलांना आणि बॅगांना त्यांत बसवून माणसे चढावर ढकलत नेतात. मावशीने आधी नको-नको म्हटले, पण तलावाजवळच्या आमच्या गेस्टहाउसपर्यंतचा चढ पाहून तीही शेवटी बसली.

नक्की तलाव समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर आहे आणि सगळे गाव त्याच्याभोवती वसले आहे. देवांनी नखांनी हे तळे खणले अशी कथा तेथे सर्वांच्या तोंडी असते. दुपारनंतर येथे फक्त बाजार असतो: राजस्थानी पोशाख चढवून फोटो काढून देणारे, मक्याची कणसे भाजणारे, पायाने चालवायच्या नावांसाठी लागलेल्या रांगा. त्यात वाईट काही नाही, पण तो तलाव नव्हे. तलाव पाहायचा तर सकाळी सातच्या आत काठावर यावे. त्या वेळी नावा एकमेकींना बांधलेल्या असतात, पाण्यावर धुके असते आणि शिंदीची झाडे त्यातून हळूहळू बाहेर येतात. टिबुकली हा छोटा पाणपक्षी बुडी मारतो आणि आपण जेथे पाहत असतो त्याच्या भलत्याच बाजूला वर येतो. आई आणि मी तो पुढे कोठे निघेल याचा अंदाज बांधत बराच वेळ बसून राहिलो. तलावाभोवतीचा रस्ता सपाट आहे. वयस्कर माणसांनाही तो सावकाश चालत पुरा करता येतो आणि मध्ये टेकायला कठडे आहेत. याच काठावर गांधी घाट आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्माजींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित करण्यात आला, त्याची ती खूण. घाटाकडे फारसे कोणी वळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

गुरुशिखरासाठी सकाळी लवकर निघावे. गावापासून ते १५ किलोमीटरवर असून त्याची उंची १,७२२ मीटर, म्हणजे संपूर्ण अरवलीत सर्वांत जास्त आहे. आम्हा बडोदेकर दत्तभक्तांची नेहमीची वाट गरुडेश्वरची. नर्मदाकाठी टेंबे स्वामींच्या समाधीपुढे वर्षातून एकदा तरी डोके टेकवून यायचे, ही आमच्या घरची रीत आहे. पण दत्तगुरूंचे असे डोंगरमाथ्यावरचे स्थान आईने केवळ ऐकले होते. पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. वर लहानसे गुहेसारखे मंदिर आहे, बाहेर मोठी घंटा टांगलेली आहे आणि वारा इतका असतो की पदर धरून ठेवावा लागतो. आईने घंटा वाजवली, ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या गुजराती कुटुंबातल्या आजींनीही हात जोडले. समोरच्या माथ्यावर पांढरा घुमट दिसतो, ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा. उंची, कोरडी हवा आणि वर्षातल्या बऱ्याच रात्री निरभ्र असलेले आकाश, यांमुळे अवरक्त किरणांच्या निरीक्षणासाठी ही जागा निवडली गेली.

उतरताना अचलगड वाटेत येतो. तेथे महाराणा कुंभाने नव्याने बांधून घेतलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि पायथ्याशी अचलेश्वराचे मंदिर, ज्यात शंकराच्या पायाच्या अंगठ्याची पूजा होते. पक्ष्यांची आवड असेल तर या बाजूच्या झुडपांत हिरवी मुनिया शोधावी. हा छोटा, पोपटी-पिवळा पक्षी भारतात फार थोड्या ठिकाणी उरला आहे आणि आबू त्यांपैकी एक आहे. मला ती दिसली नाही, करवंदाच्या जाळ्या मात्र जागोजागी दिसल्या आणि सह्याद्रीची आठवण झाली.

हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण देलवाड्याची जैन मंदिरे पर्यटकांसाठी दुपारी बारा ते सहा या वेळातच खुली असतात. गुरुशिखर करून बाराच्या सुमारास तेथे पोहोचले की जेवणाच्या वेळेमुळे गर्दी कमी मिळते. चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत आणि छायाचित्रे काढायला मनाई आहे. हा नियम मला अतिशय योग्य वाटतो. कॅमेरा नसल्यामुळे माणसे निदान वर पाहतात.

बाहेरून ही मंदिरे अगदी साधी आहेत. त्यांतली विमल वसही (वसही म्हणजे जैन मंदिर) १०३१ साली गुजरातचा सोळंकी राजा पहिला भीमदेव याचा मंत्री विमल शाह याने बांधली, तर लूण वसही १२३० साली वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्री बंधूंनी. सोळंक्यांची राजधानी पाटण; पुढे तेच पाटण गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. म्हणजे आबूच्या माथ्यावरचे हे वैभव उभारणारी राजसत्ता आपल्याच मुलखातली, ही गोष्ट बडोद्याच्या माणसाला ठाऊक असायला हवी. विमल वसहीच्या रंगमंडपाखाली उभे राहून वर पाहिले की सोळा विद्यादेवी वर्तुळात उभ्या दिसतात. लूण वसहीच्या घुमटातून संगमरवरी कमळ खाली लोंबते, त्याच्या पाकळ्या एवढ्या पातळ आहेत की कडेने त्यांतून उजेड झिरपतो. कारागिरांनी येथे दगड छिन्नीने फोडण्यापेक्षा घासून झिजवला, असे सांगतात आणि ते कमळ पाहिल्यावर पटते. एका खांबावर नर्तकीच्या पायातले घुंगरू मी मोजू लागलो, पण प्रत्येक घुंगराला स्वतंत्र चीर पाहून मोजणे सोडून नुसता पाहत राहिलो. गाभाऱ्याच्या दाराच्या दोन्ही अंगांना असलेले दोन कोनाडे ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ म्हणून ओळखले जातात. दोघी जावांनी एकमेकींवर वरचढ करायचे म्हणून ते घडवून घेतले, अशी लोककथा आहे. मावशी आणि आई तेथे सर्वांत जास्त वेळ थांबल्या. ‘डावा जास्त सुंदर,’ असा मावशीचा निवाडा होता आणि आईला तो मान्य नव्हता.

आता थोडे कळकळीचे. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. जोडून सुट्ट्या आल्या की गुजरातेतून गाड्यांची रीघ लागते. आपल्याकडे दारूबंदी असल्याने काही जण केवळ त्यासाठी येतात आणि रिकाम्या बाटल्या दगडांच्या फटींत टाकून जातात. डोंगराचा मोठा भाग १९६० पासून अभयारण्य आहे, २००९ मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि अस्वले आजही रात्री उकिरड्यावर येतात. तीही आपण टाकलेल्या अन्नाच्या मागे. एकट्या डोंगराला पाणी पावसाचेच, वाढायला जागा नाही. तेव्हा एकाच शनिवारी हजारो माणसांनी तेथे चढण्यापेक्षा मधल्या वारी थोड्या जणांनी जाऊन जास्त दिवस राहणे आणि चार पैसे खर्च करणे त्या गावालाही सोसते. आमच्या गेस्टहाउसचे काकाही हेच म्हणाले. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात आणि भाडे निम्म्याच्या जवळपास येते.

नोव्हेंबरनंतर जाणाऱ्यांनी लोकरीचे कपडे खरोखर बरोबर घ्यावेत, कारण डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी शून्याखाली जातो आणि सकाळी गवतावर हिमाचा थर दिसतो. स्वतःची गाडी असेल तर परतताना अंबाजीचा रस्ता धरावा. देलवाड्याचा संगमरवर याच आरासूरच्या टेकड्यांतून नेलेला आहे, आणि अंबाजीजवळ कुंभारिया येथे त्याच सोळंकी काळातली पाच जैन मंदिरे आहेत. तेथे गर्दी फारच कमी असते, छतांवरचे कोरीवकाम देलवाड्याच्या तोडीचे आहे आणि देलवाडा नुकताच पाहिलेला असल्यामुळे दोन्हींतले साम्य चटकन ओळखू येते.