रडीचा डाव

आमच्या कल्याणच्या सोसायटीचे कार्यालय ही एरवी गच्चीच्या गळतीवरून आणि पार्किंगवरून वाद घालण्याची जागा आहे. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात मात्र तिथे पाचवी ते नववीतली दहा-बारा मुले सतरंजीवर बसून पुस्तकांवरून वाद घालतात. चार वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला तेव्हा मी मोठ्या हौसेने एक लांबट वही आणली होती आणि तिच्यात रकाने आखले होते: पुस्तकाचे नाव, लेखक, आवडलेले पात्र आणि सगळ्यांत शेवटी, ठळक अक्षरांत, 'तात्पर्य'. पहिले दोन महिने त्या शेवटच्या रकान्यात 'नेहमी खरे बोलावे', 'संकटात धीर सोडू नये' आणि 'एकीचे बळ' यांखेरीज काहीही आले नाही. एका पठ्ठ्याने तर चोर-पोलिसांच्या कथेपुढे 'पाणी जपून वापरावे' असे लिहिले होते, आणि त्याला हसावे की त्याची पाठ थोपटावी हे मला आजही ठरवता आलेले नाही. मुलांना मते नव्हती असे मुळीच नाही. जिन्यावरून खाली उतरताना ती तावातावाने बोलत असत. वहीपाशी आली की मात्र शाळेतल्यासारखी शहाणी होत.

तो रकाना कसा गेला, त्याची गोष्ट अशी. सातवीतली एक मुलगी 'द हॉबिट' वाचून आली होती. ही मुले निम्मी इंग्रजी माध्यमातली आहेत, त्यामुळे अद्भुतरम्य पुस्तके बहुतेक जण इंग्रजीत वाचतात आणि भांडतात मात्र मराठीत; मला ही वाटणी चालते. तर ती मुलगी वही न उघडताच म्हणाली, "काकू, बिल्बो रडीचा डाव खेळला."

ज्यांनी ते पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. बिल्बो डोंगराच्या पोटातल्या अंधारात वाट चुकतो आणि तिथे त्याला गॉलम नावाचा प्राणी भेटतो. दोघांत कोड्यांची पैज लागते: बिल्बो जिंकला तर गॉलमने त्याला बाहेरची वाट दाखवायची, हरला तर गॉलम त्याला खाणार. कोडी संपत येतात, बिल्बोला पुढचे काही सुचत नाही, त्याचा हात खिशातल्या अंगठीला लागतो आणि तो स्वतःशीच पुटपुटतो की माझ्या खिशात काय आहे बरे. गॉलम तेच कोडे समजतो. मुलीचे म्हणणे असे की हे कोडे नव्हेच, कारण कोड्याचे उत्तर कोड्यातच दडलेले असावे लागते आणि दुसऱ्याच्या खिशातले कोणाला कळणार?

यावर एक आठवीतला मुलगा, जो क्रिकेटखेरीज कशाच्याही बाजूने सहसा बोलत नाही, तो बिल्बोचा वकील म्हणून उभा राहिला. गॉलमने आधी तक्रार केली खरी, पण मग स्वतःच तीन वेळा ओळखण्याची संधी मागून घेतली ना? मग डाव मान्य झाला. आउट मान्य करून तंबूत गेल्यावर अपील चालत नाही. शिवाय शेवटच्या वेळी गॉलम "दोरी, नाहीतर काहीच नाही" असे ओरडतो, म्हणजे एका संधीत दोन उत्तरे घुसवतो. तेव्हा रडी दोघांनीही खाल्ली. यावर जो गदारोळ झाला, तो ऐकून सोसायटीचे सचिव दारात डोकावून गेले.

मी त्यांना एक माहिती पुरवली. हे पुस्तक १९३७ साली आले तेव्हा हा प्रसंग निराळा होता: अंगठी हे पैजेचे बक्षीस होते, ती सापडेना म्हणून गॉलम चक्क दिलगीर होतो आणि बिल्बोला वाट दाखवून देतो. पुढे त्याचे लेखक टॉल्कीन यांना त्या अंगठीवर फार मोठी कथा उभारायची होती आणि असली अंगठी कोणी खुशीने बक्षीस म्हणून देईल हे जुळेना, म्हणून १९५१च्या आवृत्तीत त्यांनी हे प्रकरण बदलले. आणि जुन्या आवृत्तीचे काय, तर ती बिल्बोने आपल्या सोबत्यांना सांगितलेली थाप होती, असे त्यांनी पुढच्या कथेत दाखवले. मला वाटले होते की मुले यालाही रडीचा डाव म्हणतील. परंतु त्यांना हे फारच आवडले. चूक झाकली नाही, उलट चुकीलाच गोष्टीत कामाला लावले, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी मी 'तात्पर्य' या शब्दावर काट मारली आणि तिथे लिहिले: 'रडीचा डाव कुठे?'

तेव्हापासून ती वही वाचण्यासारखी झाली आहे. मोठी माणसे अद्भुतकथेबद्दल सहसा असे समजतात की तिथे काहीही चालते. झाडू उडतो, प्राणी बोलतात, मग आणखी काय हवे! मुलांना हे मुळीच मान्य नाही. झाडू उडण्याबद्दल त्यांची तक्रार नसते, पण आज उडणारा झाडू उद्या कारणाशिवाय उडेनासा झाला, किंवा शेवटच्या पानावर नायकाच्या अंगात आजवर कोणी ऐकली नव्हती अशी शक्ती आली, की ती पुस्तक मिटून ठेवतात. जादू जितकी मोठी तितकी तिची किंमत आणि तिच्या मर्यादा आधीच सांगितलेल्या हव्यात, ही त्यांची अट आहे, आणि लगोरी खेळतानाही हीच अट असते.

या अटीवर टिकणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे वेताळपंचविशी. वेताळाचा नियम मुलांना तोंडपाठ असतो: उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन्हींकडून कोंडी, आणि ती मोडते कशी, तर शेवटच्या कथेत बाप आणि मुलगा अनुक्रमे एका मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात, त्यांच्या पोरांचे एकमेकांशी नाते काय, या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच येत नाही. तो गप्प राहतो आणि डोके शाबूत राहते, कारण नियमात 'ठाऊक असून' असे म्हटलेले होते. सहावीतल्या एका मुलाने हे नाते कागदावर मांडण्याचा प्रयत्न केला आणि बाणांचे जंजाळ झाल्यावर "राजा बरोबर आहे" एवढाच निकाल दिला.

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागातल्या, काळात मागे नेणाऱ्या यंत्रावरून मात्र दोन शनिवार गेले. एका शाळकरी मुलीला जास्तीच्या तासांना बसता यावे म्हणून असले यंत्र मिळते आणि पुढे माणसे मरू लागतात तेव्हा ते कोणालाच आठवत नाही, हे कसे? पाचव्या भागात मंत्रालयातल्या झटापटीत त्या यंत्रांचा साठाच फुटतो, हे मी निदर्शनास आणून दिले, तर मला उत्तर मिळाले, "म्हणजे लेखिकेला पण कळलं होतं, म्हणून तिने फोडून टाकली." टॉल्कीनना जी सूट मिळाली ती इथे का नाही, असे मी विचारून पाहिले. फोडणे म्हणजे झाकणेच, असे सांगण्यात आले. मला हे किंचित कठोर वाटते, पण वहीत तसेच नोंदले आहे.

सगळ्यांत मोठा खटला जूल व्हर्न यांच्यावर चालला, तो ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगच्या प्रकरणात. भा. रा. भागवतांनी व्हर्न यांच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, त्या वाचतच माझी पिढी वाढली. पण ही कादंबरी आम्ही मुद्दाम नकाशा भिंतीवर लावून वाचली, कारण त्यात आमचे कल्याण आहे. फॉग मुंबईहून आगगाडीने निघतो आणि कल्याणला खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा फुटतो, असे व्हर्न यांनी स्पष्ट लिहिले आहे. खोलीत टाळ्या पडल्या. परंतु लगेच पुढे गाडी 'पॉवेल' नावाच्या गावावरून डोंगरात शिरते, आणि हे जर पनवेल असेल तर कसाऱ्याच्या बाजूला निघालेली गाडी पनवेलला काय करते, असा प्रश्न नकाशापाशी उभ्या असलेल्या एकाने विचारला. फ्रान्समध्ये बसून लिहिले होते, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले.

खरा मुद्दा शेवटाचा होता. फॉग २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडनहून निघतो, वीस हजार पौंडांची पैज असते आणि २१ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या आत परत यायचे असते. परतल्यावर त्याला वाटते की आपण हरलो, आणि मग लक्षात येते की पूर्वेकडे जात राहिल्यामुळे त्याच्या पदरी एक दिवस जास्तीचा पडला आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे, तर ३६० रेखांशांना १,४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास. हे गणित मुलांनी भूगोलाच्या तासाला केलेले असते, त्यामुळे त्यांचे डोळे असे काही चमकले की मला त्या धड्याचाच हेवा वाटला. आणि हा डाव रडीचा नाही, असे बहुमत झाले, कारण खूण आधीच दाखवलेली होती. फॉगचा नोकर पासपार्तू आपले घड्याळ लंडनच्या वेळेवरून हलवायला तयार नसतो, सुएझला त्याला कोणी सांगूनही तो ऐकत नाही, आणि आपण वाचक त्याला मूर्ख समजून पुढे जातो. उत्तर सबंध पुस्तकभर त्याच्या खिशात असते. "बिल्बोपेक्षा बरं," असे बिल्बोची फिर्यादी म्हणाली, "इथे आपल्याला खिसा दाखवला होता."

निकाल लागला असे समजून मी वही मिटणार, एवढ्यात नववीतल्या एका शांत मुलीने हात वर केला. तिने पेन्सिलीने तारखांची यादी करून आणली होती. न्यूयॉर्कला फॉग ११ डिसेंबरच्या रात्री पोहोचतो आणि लिव्हरपूलला जाणारी 'चायना' ही बोट पाऊण तासापूर्वी सुटलेली असते, असे कादंबरी सांगते. "पण काकू, तो जर एक दिवस पुढे मोजत होता, तर त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये दहाच तारीख होती. मग अकराची बोट सुटली कशी? ती तर धक्क्यावरच उभी असायला पाहिजे." शिवाय सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत इतके दिवस गाडीत असताना फॉगला एकाही स्टेशनवर वर्तमानपत्र दिसले नाही का, हा तिचा पुरवणी प्रश्न होता.

गळतीच्या सभेत कधीही न झालेली शांतता त्या कार्यालयात पसरली. मी ही कादंबरी आठवीत, कॉलेजात आणि आता, अशी तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा ती बोट मी निमूटपणे सुटू दिली होती. क्रिकेटवाल्याने बोट एक दिवस आधीच सुटली असेल असे म्हणून पाहिले, पण त्यात त्याचाही जीव नव्हता. अखेर वहीत असे लिहिले गेले: 'घड्याळ दाखवले होते, म्हणून डाव खरा. बोट सुटली, म्हणून दोन गुण कमी.'

साहसकथांच्या बाबतीत त्यांचा तपास वेगळ्या दिशेने जातो. फास्टर फेणेची पुस्तके मी मोठ्या प्रेमाने पुढे केली. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे, त्याची सायकल आणि जिभेने काढलेला तो 'ट्टॉक' हा आवाज. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी 'ट्टॉक' काढून काढून माझे डोके उठवले. पण त्यांना पडलेला प्रश्न साहसाचा नव्हताच, परवानगीचा होता. हा घरी काय सांगून निघतो? याला क्लास नाही का? सकाळी साडेसहाला घर सोडून, शाळा आणि क्लास आटोपून रात्री आठला परतणाऱ्या मुलांना हेराच्या मागावर जाण्यापेक्षा दुपारभर कोणी फोन न करणे हेच जास्त अद्भुत वाटते. एका मुलीने तर फास्टर फेणे 'फॅन्टसी'च्या कपाटात ठेवावा अशी सूचना केली. ती विनोद करत नव्हती. मी पुस्तक जागेवरून हलवले नाही, पण त्या सूचनेला माझ्यापाशी उत्तरही नव्हते. २०१७च्या चित्रपटात बनेशला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसवले आहे, हे कळल्यावर मात्र सगळ्यांनी एकमुखाने हळहळ व्यक्त केली: एवढा एक सुटला होता, त्यालाही परीक्षेला बसवले.

मागच्या शनिवारी माझाच नंबर लागला. आमचा नियम असा आहे की पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यावर मत द्यायचे नाही. हा नियम मीच केलेला आहे आणि भिंतीवर माझ्याच अक्षरांत लावलेला आहे. ड्रॅगनांच्या एका जाडजूड मालिकेचा पहिला खंड चर्चेला होता आणि मी त्याच्या शेवटाबद्दल, तो कसा घाईत गुंडाळला आहे याबद्दल, बऱ्यापैकी आत्मविश्वासाने बोलत होते. पाचवीतल्या सर्वांत लहान सभासदाने माझी प्रत उचलली, वरून न्याहाळली आणि लोकलचे जुने तिकीट खूण म्हणून घातलेले पान उघडून सगळ्यांना दाखवले. पान ११२ होते. पुस्तक चारशे चाळीस पानांचे आहे.

वहीतल्या त्या रकान्यात आता माझे नाव आहे, आणि येत्या शनिवारपर्यंत उरलेली तीनशे अठ्ठावीस पाने वाचून होईपर्यंत मला बोलण्याची बंदी आहे.