हाय-पिव्हटची घरघर: ८ फेऱ्यांत १५ वेळा

नोव्हेंबर, दुसरा आठवडा

माउंटन हायवे हा नावालाच हायवे. कॅनडातल्या नॉर्थ व्हँकुव्हरच्या लिन व्हॅलीतून माउंट फ्रोमवर वळणं घेत चढणारा हा खडीचा रस्ता. वर गेलं की बॉबस्लेड, सेव्हन्थ सीक्रेट, फ्लॉपी बनी अशा एकाहून एक वाटा खाली सुटतात. त्या उतारांसाठीच मी उन्हाळ्यात ही हाय-पिव्हट सायकल सेकंड-हँड घेतली. मागच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचं अंतर) १६० मिमी, पुढे पॅडलजवळ ३० दात्यांची चेनरिंग, मागच्या चाकावर १० ते ५२ दात्यांच्या १२ चक्रांची (१२-स्पीड) कॅसेट, आणि चेन वरून नेणारा आयडलर १६ दात्यांचा. उताराला सायकल अशी चालते की मुळांच्या जाळ्यावरून जाताना ब्रेकवरचं बोट आपोआप सैल होतं. चढाला मात्र पाऊस सुरू झाल्यापासून दोन तक्रारी आहेत. जात्यात जाडंभरडं दळण चालल्यासारखी घरघर, आणि कोणीतरी मागून कॅरिअर धरून ठेवल्यासारखा जडपणा.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे दिसेल तसं दोष सायकलच्या मांडणीत नव्हता, तो तिच्यावर नंतर झालेल्या कामांमध्ये होता.

ज्यांनी अशी सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या सायकलला मागच्या चिमट्याचा मुख्य पिव्हट (ज्यावर तो वर-खाली फिरतो तो सांधा) चेनरिंगच्या आसपास असतो. इथे तो बराच वर असतो. त्यामुळे दगड लागला की मागचं चाक नुसतं वर जात नाही, वर आणि मागे जातं, म्हणजे दगड ज्या दिशेने ढकलतो त्याच दिशेने. पण चाक मागे गेलं की चेनरिंगपासूनचं अंतर वाढतं, चेन ओढली जाते आणि पॅडल पायाला उलटा हिसका देतं. तो टाळायला चेन पिव्हटजवळच्या एका जादा दातेरी चाकावरून, आयडलरवरून, नेतात. ही युक्ती जुनी आहे. क्यूबेकच्या बाल्फा बीबी७ मध्ये ती होती, कोमेन्सालच्या सुप्रीम डीएचमध्ये ती पुन्हा आली आणि अमोरी पियेरों या रेसरने त्याच सायकलवर २०१८ची डाउनहिल वर्ल्ड कप मालिका जिंकली. आमच्या इकडे व्हँकुव्हर बेटावरच्या कंबरलँडची फॉरबिडन आणि पोर्ट कोक्विटलमची नॉर्को यांनी ती रोजच्या चढ-उताराच्या सायकलींत आणली. आयडलर आला की त्याचं बेअरिंग, त्याची रेष आणि त्याच्यापायी लांबलेली चेन हेही सगळं सांभाळावं लागतं.

या आठवड्यात मी चेनवर भरपूर तेल सोडलं. अर्धा तास शांतता मिळाली, मग पुन्हा तेच.

नोव्हेंबर, शनिवार रात्र

वडील सांगलीकडच्या साखर कारखान्यात फिटर होते. इथे शनिवारी रात्री ८ वाजतात तेव्हा तिकडे रविवारी सकाळचे साडेनऊ, आमची फोनची वेळ. सायकल स्टँडला लावलेली होती, म्हणून फोन तिच्याजवळ धरून क्रँक फिरवला.

"बाबा, ऐकू येतंय का? चेनच बदलून टाकू का सरळ?"

"बदल की, पण आधी सांग, एका फेऱ्याला किती वेळा वाजतंय?"

"ते नाही मोजलं."

"मग मोज. उसाच्या कॅरिअरची चेन वाजायला लागली की आम्ही खडूने खूण करायचो आणि उभं राहून मोजायचो. जे चाक जितक्या वेळा फिरतं, तितक्याच वेळा ते वाजतं. आणि हे बघ, आवाज एक नाहीये तुझा. दोन-तीन आहेत."

फोन ठेवल्यावर वही काढली आणि दाते मोजले. क्रँकच्या एका फेऱ्यात चेनच्या ३० कड्या पुढे सरकतात. माझ्या चेनला १३४ कड्या आहेत, म्हणजे चेनचा एक पूर्ण फेरा क्रँकच्या सुमारे साडेचार फेऱ्यांनी होतो. तेव्हा साडेचार फेऱ्यांनी एकदा वाजणारी गोष्ट चेनमध्येच आहे. दर फेऱ्याला एकदा वाजणारी क्रँक, चेनरिंग किंवा बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकच्या बेअरिंगमध्ये). कॅसेटच्या ५२ दात्यांच्या गिअरमध्ये मागचं चाक पावणेदोन फेऱ्यांनी एकदा फिरतं, म्हणजे हब आणि चाकाचा आवाज त्या तालात येणार. राहता राहिला आयडलर. ३० भागिले १६ म्हणजे एका फेऱ्यात १.८७५ वेळा. हे कानाला 'दोनदा' वाटतं आणि इथेच फसायला होतं, कारण दोन पॅडलांमुळे येणारा आवाजही दोनदाच असतो. म्हणून ८ फेरे मोजायचे. पॅडलचा आवाज १६ वेळा येईल, आयडलरचा १५.

बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन एक थेंब चेनच्या जोडकडीवर (जिने चेनची दोन टोकं जोडतात), एक आयडलरच्या दात्यावर आणि एक चेनरिंगवर लावला. मग गॅरेजचा हीटर बंद केला, कारण त्याचा पंखाही घरघरतो, आणि डोळे मिटून मोजायला बसलो.

तीन आवाज निघाले. एक 'टक-टक', जोडीने, साडेचार फेऱ्यांनी. एक बारीक 'खर्र', ८ फेऱ्यांत १५ वेळा. आणि या दोन्हींच्या खाली सलग घरघर, जिला ताल नाही, पण हाताने मागच्या ब्रेकवर थोडा भार दिला की ती वाढते.

डिसेंबर, पहिला आठवडा

टक-टक आधी धरली, कारण ती सोपी होती. खूण केलेली जोडकडी आयडलरवर आली की पहिला टक, आणि आठ कड्यांनंतर दुसरा. तिथेही एक जोडकडी होती, मळाखाली लपलेली. बाजारातली १२-स्पीड चेन साधारण १२६ कड्यांची येते आणि या सायकलला ती पुरत नाही. आधी कोणीतरी जुन्या चेनचा आठ कड्यांचा तुकडा जोडून काम भागवलं होतं. शिवाय दोन्ही जोडकड्या ११-स्पीडच्या. त्या १२-स्पीडच्या कडीपेक्षा किंचित रुंद असतात आणि आयडलरच्या आवरणातून जाताना तेवढ्याच घासतात. आवरणाच्या आत दोन चकचकीत ओरखडे मिळाले.

एकाच मॉडेलच्या दोन नव्या चेन घेतल्या, दुसरीतून आठ कड्या काढल्या आणि १२-स्पीडच्याच जोडकड्यांनी जोडल्या. उरलेल्या ११८ बायकोच्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) नेमक्या बसल्या. जुना आणि नवा तुकडा कधीही एकत्र जोडू नका. झिजलेल्या कडीचं अंतर १२.७ मिमीपेक्षा वाढलेलं असतं, त्यामुळे तेवढा तुकडा दर फेऱ्याला दात्यावर वेगळ्या जागी बसतो आणि नवी कोरी चेनरिंगही खातो.

टक-टक गेली. जडपणा जसाच्या तसा राहिला.

डिसेंबर, नाताळच्या सुट्टीत

आता घरघर. वेगवेगळ्या गिअरमध्ये फिरवून पाहिलं तर ती तशीच, आणि हाच धागा होता. साध्या सायकलला गिअर बदलला की चेनरिंगवर येणाऱ्या चेनचा तिरपेपणा बदलतो. इथे चेनरिंगला कॅसेट दिसतच नाही, तिला फक्त आयडलर दिसतो आणि तो जागचा हलत नाही. म्हणजे सगळ्या गिअरमध्ये सारखी घरघर असेल तर बिघाड चेनरिंग आणि आयडलर यांच्या मधल्या टप्प्यात शोधायचा.

आयडलर काढून हेडलॅम्पखाली धरला. दात्यांच्या बाहेरच्या बाजू आरशासारख्या चकचकीत, आतल्या बाजूंचा काळा मुलामा मात्र पहिल्या दिवसासारखा शाबूत. चेनला कोणीतरी सतत आत, फ्रेमच्या बाजूला, ओढत होतं. स्टीलची पट्टी चेनरिंगला टेकवून वर धरली तर ती आयडलरच्या मध्यावर न येता ३ मिमी आत जात होती. फ्रेमची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर, ५२ मिमी. चेनरिंगच्या पाठीवर ६ मिमी ऑफसेट (ती किती आत सरकून बसते ते माप) कोरलेलं, म्हणजे माझ्या क्रँकवर ती ४९ वर बसते. हवी होती ३ मिमी ऑफसेटची. साध्या सायकलला ही चूक खपून जाते, कारण चेनला कॅसेटपर्यंत लांबचं अंतर मिळतं. इथे वीतभरही अंतर नाही आणि तेवढ्यात चेनला ३ मिमी तिरकं यायचं होतं, तेही पूर्ण ताणाखाली.

नवी चेनरिंग लावली आणि आयडलर उलटा करून बसवला, म्हणजे न झिजलेली बाजू बाहेर आली. माझ्या आयडलरला दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणून हे जमलं. नॅरो-वाइड, म्हणजे एकाआड एक अरुंद-रुंद दात्यांचा आयडलर असेल तर चेन परत चढवताना रुंद दात्यावर रुंद कडी येते आहे ना, हे बघून घ्या. एका कडीचा फरक पडला तरी चेन दात्यांवर अधांतरी चालते.

घरघर बारा आणे गेली.

जानेवारी

जडपणा मोजायला काही साधन हवं होतं. क्रँक आडवा ठेवला, पॅडलला रिकामी पाण्याची बाटली टांगली, आणि क्रँक उलट्या दिशेने स्वतःहून फिरायला लागेपर्यंत मापाने पाणी भरत गेलो. ४३० मिली लागलं. यात मागच्या हबच्या रॅचेटचा आणि डिरेलरचाही (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचाही) विरोध आहे, पण तो आधी आणि नंतर सारखाच राहणार, म्हणून तुलनेला माप चालतं. मात्र गिअर आणि बाटली तीच ठेवा.

आता ती १५ वेळा येणारी खर्र. आयडलरचा मधला बोल्ट काढून बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं. चांगलं बेअरिंग बोटाला तुपासारखं लागतं. हे दर थोड्या अंतराला अडत होतं, जणू आत मीठ आहे. ब्लेडच्या टोकाने सील उचललं. ग्रीसच्या जागी विटकरी चिखल होता, आणि त्यात दोन गोळ्यांवर गंजाचे ठिपके. मी स्वतः राइडनंतर जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने नेमका तिथला चिखल उडवत होतो. फवारा सीलच्या ओठाखालून पाणी आत ढकलतो. आता तिथे बादली आणि ब्रश.

या छोट्या बेअरिंगवर किती भार येतो याचा हिशेब केला तेव्हा मी थांबून तो दुसऱ्यांदा केला. माझं वजन ७२ किलो. चढावर उभं राहून सगळं वजन एका पॅडलवर टाकलं, क्रँक १७० मिमी आणि ३० दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या सुमारे ६१ मिमी धरली, तर चेनमध्ये २०० किलोचा ताण येतो. आयडलरवर चेन ६० अंशांनी वळत असेल तर बेअरिंगवर येणारा भारही तेवढाच, २०० किलो. गंजलेल्या गोळ्यांवर, दर फेऱ्याला.

नवी बेअरिंगं घातली. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, आतल्या कड्यावर दिला तर नवं बेअरिंग जागच्या जागी खराब होतं. पुन्हा बाटली टांगली तर पाणी २७० मिली. उरलेलं कुठे जातंय म्हणून खालच्या रोलरकडे पाहिलं, तर चेन गाईडच्या पत्र्याला एका बाजूने घासत होती. मागच्या बाजूचा १ मिमीचा वॉशर काढला, मग १९० मिली. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जिथे टांगतात ती पट्टी) सरळ आहे हे तपासून घेतलं, तिथे काही करावं लागलं नाही.

रात्री बाबांना क्रँक फिरवून ऐकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हां. आता नुसती चेन चालतीय."

फेब्रुवारी

पावसात तीन वेळा फ्रोमवर जाऊन आलो. पहिल्या वळणाजवळ रस्त्याकडेला पाणी वाहतं, ते चढताना ऐकू आलं. हिवाळाभर ते तिथे वाहत होतंच.

वंगणाबद्दल माझं मत बदललं आहे. उन्हाळ्यात मेण उत्तम, चेन कोरडी राहते आणि ग्रॅनाइटची धूळ चिकटत नाही. पण इथल्या हिवाळी पावसात एका लांब राइडमध्ये मेण धुऊन जातं आणि आयडलरवरची चेन सगळ्यात आधी किंचाळायला लागते. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च ओल्यातलं तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरून पुसून कोरडी करायची. पहिल्या आठवड्यासारखं तेल ओतलं तर ती चिखलाची सहाण होते.

अजूनही ही सायकल मित्राच्या साध्या सायकलइतकी हलकी चढत नाही, आणि चढणारही नाही. कडी दात्यावर चढताना वाकते, उतरताना सरळ होते, आणि हा कोन म्हणजे ३६० भागिले दाते. साध्या सायकलला ताणाच्या बाजूला कडी ५२ची दातेरी सोडताना ७ अंश आणि चेनरिंग धरताना १२ अंश वळते, एकूण १९. माझ्या आयडलरवर चढताना २२.५ आणि उतरताना २२.५. १९चे ६४ झाले, आणि तेही भाराखाली. चेन स्वच्छ ठेवणं इथे जास्त का महत्त्वाचं, ते या आकड्यात आहे.

१८ दात्यांचा आयडलर घातला तर ६४चे ५९ होतील. पॅडलवर जाणवणारी बारीक थरथरही कमी व्हावी: चेन चाकावर गोल नव्हे तर बहुभुजासारखी फिरते, त्यामुळे दर दात्याला तिचा वेग १६ला सुमारे १.९ टक्के, १८ला १.५ टक्के हलतो. अडचण जागेची आहे. नव्या आयडलरची त्रिज्या ४ मिमीने जास्त, आणि आवरणाखाली मी पुठ्ठ्याचे तुकडे घालून मोजलं तर साडेतीनच मिमी मोकळे आहेत. आवरण कानशीने घासावं लागेल. शिवाय चेन ४ मिमी वर गेली की पॅडल मारताना मागचा शॉक दबण्या-उठण्यातही फरक पडेल, तो किती हे चालवूनच कळेल. आयडलर मागवला आहे. आवरण एकदा घासलं की परत भरून येणार नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचं आवरण कापून, ते लावून स्टँडवर शॉक पूर्ण दाबून बघतो.