लोखंडी माणूस क्रमांक २८: कोबेतली एक दुपार

ओसाकाहून निघालेली 'शिन-काइसोकु' ही जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत कोबेच्या सान्नोमिया स्टेशनात येते, आणि चूक नेमकी इथे होते. आपल्याला जायचंय शिन-नागाताला, 'लोखंडी माणूस क्रमांक २८' या जुन्या जपानी मालिकेतल्या यंत्रमानवाचा प्रचंड पुतळा बघायला. ते स्टेशन नकाशावर पुढे चारच स्टेशनं दिसतं, म्हणून माणूस बसून राहतो. ही गाडी कोबे स्टेशन सोडलं की थेट आकाशीला थांबते. त्याहून कमी वेगाची 'काइसोकु'सुद्धा शिन-नागाता गाळते. तिथे थांबते ती फक्त 'फुत्सु', म्हणजे आपली स्लो लोकल. सान्नोमियाला उतरायचं, स्लो पकडायची: मोतोमाची, कोबे, ह्योगो, शिन-नागाता. जेमतेम दहा मिनिटं लागतात. एवढ्या मोठ्या पुतळ्याच्या स्टेशनाला एकही जलद गाडी नाही, याची मला चीड येते.

स्टेशनच्या दक्षिणेला पाच मिनिटं चाललं की वाकामात्सु पार्क लागतं. तिकीट नाही, फाटक नाही, रांग नाही. पाय फाकवून, मूठ पुढे झेपावून 'तेत्सुजिन २८-गो' उभा आहे. तेत्सुजिन म्हणजे लोखंडी माणूस. सरळ उभा राहिला तर १८ मीटर, या पवित्र्यात १५.३ मीटर, वजन साधारण ५० टन. त्याच्या पायांमधून बायका भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जातात, पोरं सायकली हाणतात. तोक्योच्या ओदाइबात 'गुंडाम' या दुसऱ्या यंत्रमानव-मालिकेतला युनिकॉर्न गुंडाम आहे, १९.७ मीटर उंच, ठरलेल्या वेळी दिवे लागतात, चिलखत उघडतं, शेकडो फोन वर होतात. तोही बघावा. पण तिथे आपण प्रेक्षक असतो. इथे हा राक्षस गल्लीतल्या वडासारखा उभा आहे, आणि जुन्या मालिकेची ओढ मला इथेच जास्त जाणवली.

ही ओढ कशाची, ते मालिकेच्या रचनेत आहे. मित्सुतेरु योकोयामा यांचा जन्म १९३४चा, कोबेतलाच. त्यांची ही चित्रकथा १९५६मध्ये सुरू झाली आणि १९६३मध्ये कृष्णधवल अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, म्हणून टीव्हीवर आली. महायुद्धात गुप्त शस्त्र म्हणून बनवलेला हा यंत्रमानव. त्याला मन नाही, विचार नाही. शोतारो नावाचा हाफपँटमधला मुलगा दोन दांड्यांचा रिमोट घेऊन त्याला बाहेरून चालवतो. रिमोट चोराच्या हाती पडला की तोच लोखंडी माणूस शहर पाडायला निघतो. सगळा ताण एका पेटीवर. पुढे १९७२च्या 'माझिंगर झेड' मालिकेने चालकाला यंत्राच्या डोक्यात बसवलं, १९७९च्या 'गुंडाम'ने त्याला सैनिक केलं. कथा मोठ्या झाल्या, यात शंका नाही. पण खाली जमिनीवर उभं राहून मान वर करून आपल्या राक्षसाकडे बघणारं पोर हरवलं, आणि वाकामात्सु पार्कात आपण नेमके त्या पोराच्या जागी उभे असतो.

मराठी घरांत योकोयामांचं नाव कुणी घेतलं नसेल, पण त्यांचं काम पाहिलेलं आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागणारी 'जायंट रोबोट' ही मूळची १९६७ची मालिका त्यांच्याच चित्रकथेची. ती अ‍ॅनिमे नव्हे, माणसं घेऊन चित्रित केलेली, पण सूत्र तेच: मुलगा मनगटी घड्याळात बोलतो आणि यंत्र ऐकतं. तिच्या शेवटी रोबोट पहिल्यांदाच हुकूम मोडतो आणि शत्रूला कवेत घेऊन अवकाशात झेपावतो. ज्यांना तो भाग आठवतो, त्यांनी शिन-नागाताला जायलाच हवं.

पुतळा इथेच का, याचं उत्तर १७ जानेवारी १९९५च्या पहाटे ५.४६चं आहे. भूकंपात ६,४३४ माणसं गेली. नागाता भागात लाकडी घरं खेटून होती. मध्येमध्ये रबर, डिंक आणि द्रावकांनी भरलेले चपला-बुटांचे छोटे कारखाने. आग लागली तेव्हा जमिनीखालचे नळ फुटलेले, बंबांना पाणी मिळेना. नंतर इमारती उभ्या राहिल्या, गिऱ्हाईक मात्र परतलं नाही. म्हणून दुकानदारांनी पुढाकार घेतला; साडेतेरा कोटी येनपैकी काही शहराने दिले, बाकीचे वर्गणीतून आणि प्रायोजकांकडून उभे केले, आणि २००९मध्ये हा उभा राहिला. समुद्र जवळ, रंग विटतो. २०१६मध्ये त्याला नव्याने रंगवलं.

फोटोसाठी: अगदी पायाशी जाऊन वाइड लेन्स लावली तर मूठ भोपळ्याएवढी आणि डोकं लिंबाएवढं येतं. वीस-पंचवीस मीटर मागे या, फोन उभा धरा, साधी लेन्स वापरा आणि पायाशी कुणालातरी उभं करा, नाहीतर उंची कळतच नाही. मग नेमकं उलटं करा: दोन पायांच्या मधोमध उभं राहून सरळ वर बघा, फोन खिशात ठेवून.

दक्षिणेकडच्या बाजारपेठेत योकोयामांच्याच 'सांगोकुशी'तल्या वीरांचे पुतळे आहेत. चिनी तीन राज्यांची ही कथा त्यांनी ६० खंडांत काढली. तासभर पुरतो.

भूक लागली की सोबामेशी. कारखान्यांतले कामगार डब्यातला गार भात घेऊन येत आणि नूडल्सबरोबर परतून द्यायला सांगत, त्यातून हा पदार्थ निघाला असं इथे सांगतात. तापल्या लोखंडी तव्यावर नूडल्स दोन उलथन्यांनी भाताच्या शितांएवढ्या चिरायच्या, कोबी आणि भात घालायचा, वरून घट्ट सॉस. नूडल्स लांब राहिल्या तर भात तळाशी बसतो आणि दोन वेगळे घास होतात, म्हणून चिरण्यावर सगळं. त्यात बहुधा 'बोक्काके' असतं, म्हणजे गोड-खारट शिजवलेल्या गाईच्या मांसातल्या चिवट कंडरा आणि कोन्याकु, एका कंदाची जेली. खात नसाल तर तवा तापण्याआधीच सांगा. 'बोक्काके नुकी दे', बोक्काके वगळून, एवढं पुरतं. सॉसमध्ये मात्र मांसाचा अर्क असू शकतो, आणि तव्यावर आधीच्या गिऱ्हाइकाची चरबी असतेच. कडक शाकाहारी माणसाने सान्नोमियालाच जेवून निघावं.