खारीची शेपटी सुटली, आता कान

माझ्या अ‍ॅक्रिलिकच्या खारीच्या चित्रातल्या शेपटीचं कोडं सुटलं! मागच्या अपडेटमधली डागाळलेली शेपटी आठवत असेल, ओल आलेल्या भिंतीसारखी. त्याच टेक्स्चरवर, काहीही न खरवडता, आता केस दिसायला लागलेत.

दोष ग्लेझचा, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाच्या थराचा नव्हताच, त्याच्याखालच्या पेस्टचा होता. मॉडेलिंग पेस्टमध्ये (उठाव आणायला रंगाखाली लावतात तो जाड लेप) बहुतेक वेळा संगमरवराची पूड असते. सुकली की ती पाणी शोषते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. केसांसाठी पेस्टमध्ये कंगव्याने ओढलेल्या रेघांचे उंचवटे पातळ ग्लेझ लगेच पिऊन टाकायचे, खोबणीपर्यंत तो पोचायचाच नाही. गडद हवं तिथे फिकं, उजळ हवं तिथे डाग. पाणी वाढवलं, रंगात मिसळायचं पारदर्शक मीडियम वाढवलं, रंग हळू सुकवणारं रिटार्डर घातलं. डागांचे आकार तेवढे बदलले. रिटार्डरचा चिकटपणा तर जाता जात नाही. मला ते कधीच मानवलेलं नाही.

मग डागांवर आधी उजळ अपारदर्शक रंग दिला आणि तो सुकल्यावर नुसत्या ग्लॉस मीडियमचा एक पातळ हात मारला. मऊ ब्रश, घाई नाही, खोबणीत फेस राहू द्यायचा नाही. रात्रभर वाळल्यावर शेपटी भयंकर चकाकत होती, पण भूक भागली होती तिची! त्यावर गडद तपकिरी बर्न्ट अंबरचा ग्लेझ फासून ओलसर कापडाने केसांना आडवं पुसलं. रंग खोबणीत राहिला, उंचवटे स्वच्छ. शेवटी बफ टायटॅनियम आणि रॉ सिएनाचा ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, फक्त टोकांवर. वा!

ग्लेझसाठी सेटमधला तपकिरी घेऊ नका. ट्यूबवरचा छोटा चौकोन बघा: रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. सेटवाल्यांपैकी कितीतरी जण तो छापतच नाहीत, आणि मग सगळा गढूळपणा आपल्या माथी.

डोळ्याचं थोडक्यात सांगते: चमक पांढऱ्याऐवजी निळसर राखाडी घेतली आणि खार एकदम बघायला लागली.

शेपटी अंगापेक्षा फिकी झालीये, ती गडद करणार होते. पण तांबड्या खारीच्या अंगावरची लव वर्षातून दोनदा बदलते, शेपटीचे केस एकदाच. उन्हाळ्यापर्यंत ते विटतात. म्हणजे फिकं बरोबरच आहे. राहू दे.

थांबा. कानांवरचे झुपकेही वर्षातून एकदाच येतात, हिवाळ्यात भरदार असतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसे होतात. माझ्या खारीला उन्हाळी शेपटी आणि पेस्टचे घसघशीत हिवाळी कान! शेपटीला आता हात लावणार नाही, तेव्हा झुपकेच जाणार. मॉडेलिंग पेस्ट घासता येते, बारीक सँडपेपर ओला करून. नंतर रिगरने (लांब केसांचा बारीक ब्रश) दोन-चार केस, बस.

बरं झालं वॉर्निश बाकी आहे. त्याचाही बेत बदलतेय. मॅट वॉर्निशमधली चमक मारणारी पूड खोबणीत साचली की पांढुरकी दिसते, आणि या शेपटीत खोबणीशिवाय आहे काय? म्हणून सगळीकडे आधी ग्लॉस, त्यावर अगदी पातळ सॅटिन. डोळा ग्लॉसच राहील.

कान घासताना त्यांच्यामागच्या शेवाळाचा रंगही निघणार. तो हिरवा आत्ताच मिसळून डबीत बंद केलाय, सुकल्यावर गडद होतो म्हणून थोडा उजळच.