तुम्ही विचारलंत म्हणून : मी अजूनही ग्रँड नॅशनलविषयी का लिहिते

दर वर्षी फेब्रुवारीत कोणत्या घोड्याने पाठीवर किती वजन घेऊन धावायचे हे जाहीर झाले (चांगल्या घोड्याला जास्त वजन), की मी लिव्हरपूलच्या एनट्री मैदानावरील ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या घोडशर्यतीचे टिपण लिहायला घेते, आणि दर वर्षी ते वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी मला तोच प्रश्न विचारते : "त्या शर्यतीत घोडे मरतात हे तुम्हाला ठाऊक आहे, घोड्यांवर माझा जीव आहे असेही तुम्ही म्हणता, मग दोन महिने आधीपासून तिच्याविषयी एवढे हौसेने कशा लिहिता?" काहींना खरोखरच जाणून घ्यायचे असते, तर काहींनी निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. आजवर मी प्रत्येकाला वेगवेगळी, तुटक आणि बहुतेक वेळा चिडून उत्तरे दिली आहेत. एप्रिलच्या शर्यतीचे टिपण पाठवण्याआधी या वेळी एकदा सविस्तर उत्तर लिहिते आहे.

माझा बचाव मी आधीच मांडते, म्हणजे पुढचे मोकळेपणाने लिहिता येईल. मी पैसे लावायला कोणाला सांगत नाही आणि स्वतःही 2012 नंतर लावलेले नाहीत. माझ्या टिपणामुळे एक घोडा जास्त धावत नाही किंवा एक कमी धावत नाही. मी लिहिते ते त्या शर्यतीच्या गणिताविषयी. सुमारे 6.9 किलोमीटर, 30 उड्या आणि शेवटच्या अडथळ्यानंतर 494 यार्डांची ती न संपणारी सरळ वाट, एवढे सगळे पेलणारा घोडा कोणता, त्याला किती वजन मिळाले आहे, जमीन ओली राहिली तर त्याचे काय होईल आणि सुकली तर काय, हे आठवडेच्या आठवडे मनात घोळवत राहण्यात मला जो आनंद मिळतो तो मी नाकारणार नाही.

या आनंदाचे मूळ 1973 च्या शर्यतीत आहे. क्रिस्प हा घोडा 12 स्टोन (एक स्टोन म्हणजे 14 पौंड) वजन घेऊन सगळ्यांच्या पुढे एकटाच धावत होता आणि त्याच्यामागून 10 स्टोन 5 पौंड वजनाचा रेड रम येत होता. शेवटच्या त्या सरळ वाटेवर क्रिस्पची पावले वाकडीतिकडी पडू लागली आणि घोड्याच्या पाऊण लांबीएवढ्या फरकाने तो हरला. दोघांनीही गोल्डन मिलर या घोड्याचा 1934 चा वेळेचा विक्रम मोडला होता. रेड रमने 9 मिनिटे 1.9 सेकंद घेतली, म्हणजे जुन्या विक्रमापेक्षा जवळजवळ 19 सेकंद कमी. दोघांच्या वजनात 23 पौंडांचा फरक होता. त्या 23 पौंडांत सबंध शर्यत सामावलेली आहे, हे ज्या दिवशी मला उमगले त्या दिवसापासून मी या गणिताच्या नादी लागले. हे वेड आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

आता 2012 विषयी.

त्या वर्षीच्या टिपणात मी सिंक्रनाइज्ड या नऊ वर्षांच्या घोड्याची बाजू घेतली होती. ते टिपण अजून माझ्यापाशी आहे आणि माझी अडचण ही आहे, की त्यातला युक्तिवाद आज वाचला तरी मला त्यात ढोबळ चूक सापडत नाही. त्याने 2010 मध्ये मिडलँड्स नॅशनल जिंकली होती आणि जानेवारी 2011 मध्ये वेल्श नॅशनल. त्यामुळे लांब पल्ल्याची शंका नव्हती. 16 मार्च 2012 रोजी त्याने चेल्टनहॅमची गोल्ड कप ही मानाची शर्यत जिंकली. नॅशनलची वजने त्याआधीच ठरलेली असल्यामुळे या विजयाचा एक पौंडही त्याच्या पाठीवर चढला नाही. 11 स्टोन 10 पौंड, म्हणजे सुमारे 74 किलो, हे ओझे काही हलके नव्हते, पण गोल्ड कप जिंकलेल्या घोड्याच्या मानाने ते कमीच होते. गोल्ड कप आणि नॅशनल एकाच वर्षी जिंकणारा घोडा आजवर एकच झाला आहे, 1934 चा गोल्डन मिलर. मी लिहिले होते की 78 वर्षांनी दुसरा मिळेल. दोन्ही शर्यतींत 29 दिवसांचे अंतर होते, आणि त्यावर मी एकच वाक्य खर्ची घातले होते : "थकव्याची काळजी करणाऱ्यांनी या घोड्याच्या आधीच्या शर्यती पुन्हा पाहाव्यात." ते वाक्य मी ठळक केले होते.

14 एप्रिलला माझी मावसबहीण माझ्या शेजारी बसून शर्यत पाहत होती. तिने त्याआधी नॅशनल कधी पाहिली नव्हती. माझे टिपण वाचून आली होती आणि सिंक्रनाइज्डच्या स्वाराच्या पोशाखाचे रंग तिने पाठ केले होते. शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्याने आपला स्वार टोनी मॅकॉय याला पाठीवरून पाडले आणि तो मैदानात एकटाच पळत सुटला. त्याला पकडून आणले, पशुवैद्याने तपासले आणि पुन्हा रांगेत उभे केले. तिने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी म्हणाले, "तपासलंय त्याला, काळजी करू नकोस."

बेचर्स ब्रुक हा सहावा अडथळा. उडीनंतरची जमीन तिथे उडी घेण्याच्या बाजूपेक्षा खोल आहे, त्यामुळे घोड्याच्या अंदाजापेक्षा ती क्षणभर उशिरा पायाखाली येते. सिंक्रनाइज्ड तिथे पडला. मॅकॉय खाली राहिला, घोडा उठला आणि रिकाम्या खोगिरानिशी इतरांबरोबर धावू लागला. माझ्या बहिणीने माझे मनगट धरले. "ताई, उठला बघ तो. पळतोय. बरा आहे ना?" मी म्हणाले, "हो गं, बरा आहे. मोकळे घोडे असेच पळतात." आणि माझी नजर त्याच्यावरून निघून पुढच्या घोड्यांकडे गेली. त्या दिवसातली नेमकी कोणती गोष्ट मला सलते असे कोणी विचारले, तर ती ही आहे. मी त्याची निवड केली होती, त्याच्यावर दोन पाने लिहिली होती, आणि तो जिंकू शकणार नाही हे कळताच मी त्याच्याकडे पाहणे सोडून दिले.

स्वार नसतानाही तो उड्या घेत राहिला आणि अकराव्या अडथळ्याच्या सुमारास त्याचा पाय मोडला. आम्ही ते पाहिले नाही. दुसऱ्या फेरीत बेचर्सलाच दुसरा एक घोडा पडला आणि त्याच्यामुळे अकॉर्डिंग टू पीट खाली आला. तोही वाचला नाही. शेवटी सनीहिलबॉय आणि नेपच्यून कॉलोंज ही जोडी अशी काही भिडली, की मी उभी राहून ओरडत होते. नाकभर फरकाने नेपच्यून कॉलोंज जिंकला. नॅशनलच्या इतिहासात इतका थोडा फरक कधी पडला नव्हता. हरलेला सनीहिलबॉय सिंक्रनाइज्डच्याच ट्रेनरचा आणि त्याच मालकाचा घोडा होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले आहे हे आम्हा दोघींना पुढे बातमीतून कळले. बहीण रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "तू तर बरा आहे म्हणालीस."

ज्यांनी मला हा प्रश्न आधी विचारला आहे त्यांना आठवत असेल, की मोकळ्या घोड्यांचा दाखला हे माझे हुकमी उत्तर होते. पाठीवर कोणी नाही, चाबूक नाही, लगाम ओढणारे कोणी नाही, तरीही घोडा धावतो आणि उड्या घेतो, म्हणजे त्याला ते आवडत असले पाहिजे, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. सिंक्रनाइज्डला प्राणघातक दुखापत झाली ती नेमकी त्या मोकळ्या अवस्थेत. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. समोर चाळीसभर घोडे पळत असताना एकट्याने मागे थांबणे हे त्याच्या स्वभावाला सर्वांत अवघड आहे. त्या पळण्याला आवड म्हणणे हा माझ्या सोयीचा अर्थ होता. पण त्याचबरोबर हेही लिहायला हवे, की सकाळच्या सरावाला निघालेला घोडा कान पुढे करून अडथळ्याकडे ज्या उमेदीने जातो ती मी जवळून पाहिली आहे, आणि ती भीती होती असे कोणी मला पटवू शकलेले नाही. ही दोन निरीक्षणे माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

29 दिवसांचेही तसेच. तो थकलेला होता म्हणून पडला असे म्हणायला पुरावा नाही. बेचर्सला ताजेतवाने घोडेही पडलेले आहेत. माझ्या त्या ठळक वाक्याने कोणाचा पाय मोडला नाही, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. मात्र शंका घेण्याची जागा समोर असताना मी तिथे अभिमानाने शंका घेतली नाही, आणि आज ते टिपण लिहिणाऱ्या माझ्याशी माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

त्यानंतर शर्यत बदलली. 2013 मध्ये अडथळ्यांतला लाकडी गाभा काढून त्या जागी लवचीक प्लॅस्टिक आले, आणि 2018 पर्यंत सहा नॅशनलमध्ये एकही घोडा दगावला नाही. मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते की प्रश्न सुटला. 2019 मध्ये पहिल्याच अडथळ्याशी एक घोडा गेला, 2021 मध्ये एक, 2022 मध्ये दोन, 2023 मध्ये पुन्हा पहिल्या अडथळ्याशी एक. 2024 पासून घोड्यांची संख्या 40 वरून 34 वर आणली गेली आणि पहिला अडथळा पूर्वीपेक्षा 60 यार्डांनी सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, म्हणजे घोडे तिथवर पूर्ण वेगाने पोहोचत नाहीत. त्या वर्षी 32 धावले, 21 जणांनी शर्यत पूर्ण केली आणि एकही घोडा पडला नाही.

माझी बहीण आता शर्यत पाहत नाही, पण त्या शनिवारी संध्याकाळी तिचा एकच निरोप येतो : "सगळे आले का?" म्हणजे सगळे घोडे जिवंत परतले का. कोण जिंकले हे ती विचारत नाही. 2024 मध्ये मी "हो" असे उत्तर लिहिले आणि ते खरे ठरले.

2025 मध्ये एकाच तबेल्याचे तीन घोडे पहिल्या तीन क्रमांकांवर आले आणि मी निक रॉकेटच्या विजयात इतकी गुंतले होते, की तिचा निरोप उशिरा पाहिला. सेलेब्र दालाँ हा तेरा वर्षांचा घोडा शेवटच्या टप्प्यात काही काळ आघाडीवर होता, मग मागे पडला आणि मैदानातच कोसळला. त्याच्यावर उपचार झाले आणि तो सावरत असल्याचे सांगितले गेले. मी तिला लिहिले, "हो, सगळे आले. एक कोसळला होता, पण आता बरा आहे." मंगळवारी तो गेला. तेरा वर्षांत मी तिला दुसऱ्यांदा "बरा आहे" असे सांगितले होते. मग मी माझे त्या वर्षीचे टिपण काढून पाहिले. त्यात त्याच्याविषयी एकच ओळ होती : तेरा वर्षांचा घोडा 1923 नंतर नॅशनल जिंकलेला नाही. तो जिंकेल का, याचा हिशेब मी नेटकेपणाने मांडला होता. त्याने धावावे का, याविषयी एक अक्षर लिहिले नव्हते, आणि हे 2012 नंतर बदलले आहे असे मी तुम्हा सर्वांना सांगत आले होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आहे ते असे अर्धवट. मी लिहिते, कारण या शर्यतीइतके दुसऱ्या कशाने मला इतके दिवस विचार करायला लावलेले नाही. आणि न लिहिल्याने 34 घोड्यांपैकी एकही घरी राहणार नाही, हेही खरे आहे, जरी मला ते पुरेसे कारण वाटत नाही. येत्या एप्रिलच्या टिपणात प्रत्येक घोड्यापुढे मी त्याची आधीची शर्यत किती दिवसांपूर्वी झाली ते लिहिले आहे, वय लिहिले आहे, आणि सहा घोड्यांपुढे मी त्यांना उतरवले नसते असेही लिहिले आहे. त्या सहांपैकी एक जिंकू शकेल, हे मला दिसते आहे, आणि तो जिंकला तर मी उभी राहून ओरडेन, हेही मला माहीत आहे. शनिवारी बहिणीचा निरोप आला, की मी तिला सांगणार आहे, बुधवारपर्यंत थांब.