होकाराची किंमत

रिजन्सी काळातल्या प्रेमकादंबऱ्यांचं वेड असलेल्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज उमरावांच्या मेजवान्यांत आणि नाचांत एवढं काय गुंतायचं? उत्तर हवं असेल तर नाचाचा दिवाणखाना सोडून वकिलाच्या टेबलापाशी जावं लागतं. खंबीर नायिकेची गोष्ट तिथे सुरू होते.

काटेकोर बोलायचं तर रिजन्सी म्हणजे 1811 ते 1820. राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहतोय, अशी ही नऊ वर्षं. कादंबरीकार ही हद्द दोन्ही बाजूंनी बरीच सैल करतात, आणि तसं करायला हरकत नाही, कारण त्यांना लागणारी परिस्थिती आधीही तीच होती आणि नंतर कित्येक वर्षं तीच राहिली. लग्न लागलं की कायद्याच्या नजरेत बायको वेगळी व्यक्ती उरत नसे. तिची रोकड, दागिने, सामानसुमान, पुढे होणारी कमाई, सगळं नवऱ्याचं. तिच्या नावावर जमीन असेल तर ती त्याला परस्पर विकता येत नसे, पण खंड आणि भाडं त्याच्या खिशात जायचं. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. मुलांवर हक्क बापाचा. विवाहित स्त्रीला स्वतःची कमाई राखता आली 1870 च्या कायद्याने, आणि मालमत्तेवर खराखुरा हक्क मिळाला 1882 च्या कायद्याने.

याची दुसरी बाजू लक्षात घेतली की या कादंबऱ्यांची ओढ उलगडते. एकवीस पूर्ण झालेली अविवाहित मुलगी किंवा विधवा यांना हे सगळे हक्क होते. जमीन विकत घ्या, धंदा चालवा, कोर्टात जा, मृत्युपत्र करा. म्हणजे स्वतःचं काही असलेली बाई लग्नाला 'हो' म्हणते त्या क्षणी ती ते सारं एका पुरुषाच्या हवाली करते. तो चांगला निघाला तर ठीक. नाही निघाला तर सुटका जवळजवळ नाहीच. आजच्या प्रेमकथेत होकाराला इतकं वजन आणायला लेखकाला बरीच खटपट करावी लागते; इथे ते वजन कायद्यानेच आणून ठेवलेलं असतं. या कादंबऱ्यांत तरुण विधवा नायिका इतक्या वेळा का भेटते, तेही यावरून समजतं. तिने एकदा सगळं गमावून परत मिळवलेलं असतं, आणि आता कोणी दुसऱ्यांदा मागतोय.

म्हणून नायिका खंबीर आहे की नाही हे तिच्या जिभेवरून किंवा पिस्तुलाच्या नेमावरून ठरवू नये. तिच्याकडे किती पैसे आहेत, ते कोणाच्या ताब्यात आहेत आणि नकार दिला तर ती कशावर जगेल, एवढं पाहावं. लेखकाला याचे आकडे माहीत नसतील तर तिचा ताठा नुसता बोलण्यापुरता राहतो.

आकडे समजायला अवघड नाहीत. पैसा सरकारी रोख्यांत असायचा आणि व्याज साधारण तीन ते पाच टक्के. दहा हजार पौंडांची मुलगी म्हणजे पाच टक्क्यांनी वर्षाला 500 पौंड. त्यात नोकरचाकरांसह घर नीट चालतं. 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नायिका एलिझाबेथच्या वाट्याला येणार आहेत एक हजार पौंड, चार टक्क्यांचे, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला 40 पौंड. हा हिशोब तिला ऐकवतो तो मागणी घालायला आलेला चुलतभाऊ, ज्याच्याकडे तिच्या बापामागे राहतं घर जाणार आहे. त्याला ती नकार देते, तेव्हा घरासकट सगळं पणाला लागलेलं असतं. 1847 मधल्या 'जेन एअर' कादंबरीची नायिका जेन गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून वर्षाला 30 पौंड मिळवते. पुढे तिला काकांचे वीस हजार मिळतात, त्यातले ती पंधरा हजार तीन भावंडांना वाटून टाकते आणि स्वतःच्या पाच हजारांसह नायकाकडे परत येते. हा तपशील काढून टाकला तर शेवटच्या होकाराचा अर्थच बदलेल. आज लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांनी हे गणित याच दोन पुस्तकांकडून घेतलंय, असं मला ठामपणे वाटतं.

भिंतीला एक फट होती. श्रीमंत घरात लग्नाआधी वकील बसून करारनामा करायचे आणि मुलीचा पैसा विश्वस्तांच्या नावे ठेवायचे. नवऱ्याला त्याला हात लावता येत नसे, कारण चॅन्सरी कोर्ट, म्हणजे कायद्याच्या अक्षरापेक्षा न्याय्यतेवर निवाडा करणारं कोर्ट, अशा विश्वस्तनिधीला मान्यता देत होतं. करारनाम्यात तीन रकमा पाहाव्यात. पिन मनी, म्हणजे संसारात असताना तिच्या हातखर्चाला दरसाल मिळणारी रक्कम. जॉइंचर, म्हणजे नवरा गेला तर तिला आयुष्यभर मिळणारं वर्षासन. हे बहुधा तिने आणलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठरे. आणि धाकट्या मुलामुलींसाठी बाजूला काढलेले वाटे. स्त्रीधन ही कल्पना घरातूनच माहीत असल्याने मराठी वाचकाला हे चटकन समजतं. फरक एवढाच की आपल्याकडे ती रूढी आणि शास्त्राची गोष्ट होती, तिकडे वकिलाची फी भरू शकणाऱ्यांनाच ती मिळत होती.

नायिका एकवीसच्या आत असली तर पेच वाढतो. 1754 पासून लागू झालेल्या विवाहकायद्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्न चर्चमध्येच, सकाळी आठ ते बारा या वेळात लावावं लागे. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये होणाऱ्या लग्नाचा जाहीर पुकारा करायचा किंवा बिशपचा परवाना काढायचा. कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना असेल तरच वेळ आणि जागा आपल्या मनाची. तो उमराव घराण्यांना आणि काही मोजक्या वरच्या लोकांनाच मिळे. अल्पवयीन मुलीने पालकांच्या संमतीविना परवान्यावर लग्न केलं तर ते रद्दबातल ठरायचं. पुकाऱ्याचं तसं नव्हतं. तिथे पालकाने उठून हरकत घेतली नाही, तर लग्न पक्कं. म्हणून प्रेमी जोडपी लंडनमधल्या एखाद्या मोठ्या, गजबजलेल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) पुकारा करून घ्यायची, जिथे त्यांची नावं ओळखणारं कोणी नसे. कादंबऱ्या मात्र ही वाट क्वचितच घेतात आणि सरळ स्कॉटलंडची सीमा गाठतात.

सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही नवरा-बायको' म्हटलं की झालं, पालकांची संमती लागत नसे. तिथे किमान एकवीस दिवस राहण्याची अट 1856 च्या कायद्याने आली, त्यामुळे तोवर ही वाट खुली होती. पण लंडनहून अंतर सुमारे 320 मैल. भाड्याच्या दोन घोड्यांच्या गाडीला मैलामागे सव्वा ते दीड शिलिंग धरले तर नुसतं गाडीभाडंच वीस पौंडांच्या वर जातं, शिवाय टोल, गाडीवानांची बक्षिसी आणि खाणंपिणं. एलिझाबेथच्या हिशोबाने सहा महिन्यांचं व्याज. रात्रंदिवस घोडे बदलत गेलं तरी दीड-दोन दिवस लागणार, म्हणजे एक रात्र तरी वाटेत जाणार. आणि एकदा ती गेली की लग्न होवो न होवो, मुलीचं नाव गेलं. चांगली लेखिका पळून जाण्याचा निम्मा ताण इथून काढते: वाटेत नायिकेला कळतं की माणूस चुकीचा आहे, आणि परतणंही तितकंच महाग पडणार आहे.

या साऱ्याची खरी कसोटी पाहायची तर कॅरोलाइन नॉर्टनकडे पाहावं. लग्न 1827 मध्ये झालं, नवरा वकील आणि मारकुटा. ती नावाजलेली लेखिका होती, पण लेखनाचं मानधन कायद्याने त्याचं. 1836 मध्ये त्याने थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर, माझ्या बायकोशी संबंध ठेवले म्हणून नुकसानभरपाईचा दावा ठोकला. तो हरला, पण तिन्ही मुलगे ताब्यात ठेवले आणि आईला भेटू दिलं नाही. तिने पत्रकं लिहिली, खासदार गाठले, आणि 1839 मध्ये कायदा झाला: सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करता येईल. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून नवऱ्याने मुलं तिकडे ठेवली. धाकटा 1842 मध्ये घोड्यावरून पडून गेला. पुढे नवऱ्याने ठरलेला भत्ता थांबवला, तेव्हा तिने दुकानदारांना सांगितलं की बिलं त्याच्याकडे न्या, बायकोच्या देण्याला कायद्याने नवराच जबाबदार. 1853 मध्ये प्रकरण कोर्टात आलं आणि नवऱ्याच्या बाजूने सांगण्यात आलं की भत्त्याचा करार बंधनकारकच नाही, कारण नवरा-बायको आपसात करार करू शकत नाहीत. ज्या नियमाने तिला बांधलं, तोच नियम तिने उलटा धरला. तो पुन्हा तिच्यावरच आला तरी ती लिहीत राहिली. खंबीर नायिकेचा याहून नेमका नमुना कल्पनेतून काढणं कठीण आहे.

हाच इंग्रजी कायदा मुंबईतही आला होता. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी आपल्या पत्नी रखमाबाईंवर लावलेला दावा 'वैवाहिक हक्क पुन्हा मिळवण्याचा' होता, आणि ही कल्पना इंग्लंडच्या धर्मकोर्टांतून आलेली, हिंदू शास्त्रातली नव्हे. त्याच वर्षी इंग्लंडने अशा प्रकरणात बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. इथे ती राहिली. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करेन. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. मराठी वाचकाला रिजन्सी नायिकेची कोंडी परकी वाटत नाही, त्यामागे हे नातं आहे.

नायिकेला काम दिलं की गोष्ट भक्कम होते, पण ते काम तेव्हा शक्य असलेलं हवं. कॅरोलाइन हर्शेलला 1787 पासून राजाकडून खगोलकामासाठी वर्षाला 50 पौंड पगार होता. लाइम रीजिसची मेरी ॲनिंग कड्यांतून जीवाश्म खोदून विकायची. तिने 1823 मध्ये प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला, पण जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्य केलं ते 1919 मध्ये. कादंबरीतली शास्त्रज्ञ नायिका याच चौकटीत हवी: शोध तिचा, सभेत वाचणारा पुरुष. हे न दाखवता तिला सरळ व्यासपीठावर उभं केलं की तिचं बळच कमी होतं, कारण तिच्यासमोर अडथळाच उरत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. 'संबंध आला नाही, म्हणून लग्न रद्द' ही सर्वांत लाडकी चूक. तेवढं कारण पुरत नसे. नपुंसकत्व सिद्ध करावं लागे, आणि त्यासाठी बहुधा तीन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे. घटस्फोट तर 1857 पर्यंत संसदेत खासगी कायदा करूनच मिळायचा, आणि त्या मार्गाने यश मिळालेल्या स्त्रिया एकूण चार. पहिली जेन ॲडिसन, 1801. त्यामुळे 1815 मधली नायिका घटस्फोटाची धमकी देते तिथे पुस्तक मिटलं तरी चालेल. कॉर्सेटची नाडी मोलकरणीने करकचून आवळली आणि नायिकेचा श्वास अडकला, हाही प्रसंग चुकीच्या काळातला. रिजन्सीत नाडीची भोकं काजांसारखी दोऱ्याने शिवलेली असत, फार ओढलं तर कापड फाटे. धातूच्या भोकांचं पेटंट 1820 च्या दशकातलं. शिवाय कंबर तेव्हा छातीच्या लगेच खाली होती. आवळून मिळवायचं काय?

किताबांचं गणितही बिघडतं. ड्यूकची मुलगी 'लेडी' अधिक स्वतःचं नाव, नाइटची बायको 'लेडी' अधिक आडनाव. ही अदलाबदल पहिल्याच पानावर झाली तर लेखकाने बाकीचंही तपासलेलं नसतं.

एका गोष्टीपाशी मराठी वाचकाने मुद्दाम थांबावं. नायक 'हिंदुस्थानातून श्रीमंत होऊन' परत आलेला असतो, आणि बहुतेक पुस्तकं हे एका वाक्यात उरकतात. 1803 च्या असईच्या लढाईतला अधिकारी असेल तर ते रण आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या लुटीची वाटणी हा इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चाललेला वाद होता. नायिका स्वतःच्या पाच हजारांचा हिशोब मागते, तर तिने नायकाच्या पन्नास हजारांचा का मागू नये? जी थोडी पुस्तकं हा प्रश्न तिच्या तोंडी घालतात, त्यांतली नायिका मला सर्वांत खंबीर वाटते.

नवीन पुस्तक हाती आलं की शेवटून दुसरं-तिसरं प्रकरण चाळून करारनाम्याचा प्रसंग आहे का ते बघावं. नायक हिऱ्यांचा हार आणतो की मसुदा आणतो? विश्वस्त कोणी नेमले, त्यात तिच्या माणसांचं नाव आहे का, तिची रक्कम तिच्या वेगळ्या वापरासाठी असं स्पष्ट लिहिलंय का? उत्तम पुस्तकात ती मसुदा स्वतः वाचते, एका विश्वस्ताच्या नावावर काट मारते, दुसरं नाव लिहिते, आणि तो काही न बोलता दौत तिच्याकडे सरकवतो.