अर्ध्या दिवसाच्या वाटा : नवा क्रम उतरणीवरून

आतापर्यंत नोंदवहीतल्या नाशिकजवळच्या डोंगरवाटा डोंगराच्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. या वेळी तो क्रम मोडला. अंजनेरी सुमारे 1300 मीटर, रामशेज सुमारे 1000 मीटर, हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे. नाशिक शहरच 600 मीटरच्या आसपास वसलेले असल्याने त्यातली साधारण निम्मी उंची आपल्या पदरात आधीच पडलेली असते. शिवाय आपल्याकडे दमवते ती चढण, पण पाडते ती उतरण. म्हणून आता सगळ्यात सोपी उतरण आधी, मग पुढच्या. अट जुनीच : पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी.

पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगर, फाळके स्मारकाशेजारून पायऱ्या. रमतगमत वीस मिनिटे. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे थंडीत बराच वेळ सावली मिळते. लेणी पाहायची तर तिकीटखिडकी उघडायची वाट पाहावी लागते, मात्र नुसता पायांचा व्यायाम हवा असेल तर पायऱ्या पुरे. लेण्यांच्या डोक्यावरच्या कड्याकडे जाणाऱ्या पुसट वाटांच्या नादी लागू नका. चढताना त्या सोप्या वाटतात, परतताना पाय ठेवायला जागा दिसत नाही.

चामरलेणी, म्हणजे गजपंथ. म्हसरूळकडून सव्वाचारशेच्या वर पायऱ्या, जाऊन-येऊन दीड तास धरा. पायऱ्या बांधीव आहेत, घसरायची भीती कमी, पण सगळा मार गुडघ्यावर येतो. उतरताना प्रत्येक पायरीवर तोच पाय पुढे टाकायची सवय अनेकांना असते आणि मग संध्याकाळी एकच गुडघा ठणकतो. दर दहा पायऱ्यांनी आघाडीचा पाय बदला. अंजनेरीच्या तयारीसाठी पाठीवर चार-पाच किलो घेऊन इथे दोन फेऱ्या मारणे, यापेक्षा स्वस्त सराव नाशकात नाही.

रामशेज. पेठ रस्त्याने साधारण 14 किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी. डोंगर एकटा उभा आहे, भोवती मोकळे रान, त्यामुळे वरून कोण येते-जाते ते लांबूनच दिसते. 1682 पासून मोगलांनी वेढा घातला तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळ किल्ला त्यांच्या हाती लागला नाही, त्यात या मोकळ्या रानाचाही वाटा आहे. आपल्याला त्याच मोकळेपणाचा त्रास : चढणीवर सावली नाही. मार्चपासून पुढे साडेनऊनंतर पायथा सोडू नये. चढण पाऊण ते एक तासाची. वरच्या टप्प्यात पायऱ्या लागतात, अलीकडेच रामाचे देऊळ आणि पाण्याचे टाके. टाक्यातले पाणी गाळून, क्लोरीनची गोळी टाकूनच घ्या, नाहीतर खालूनच भरून न्या.

रामशेजला चुकते ते पायऱ्यांखालच्या मुरमात. कातळावर पसरलेले बारीक खडे म्हणजे सांडलेल्या ज्वारीवर चालणे. नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, टाचेवर भार देतो आणि नेमका तेव्हाच पाय सुटतो. गुडघे किंचित वाकवून, पाऊल आखूड, पूर्ण तळवा टेकवून, अंग थोडे पुढे. जास्त उतार असेल तिथे तिरपे उतरा. नोव्हेंबरनंतर वाळलेले गवतही असेच फसवते, कारण ते एकाच दिशेला झोपते आणि खालचा दगड झाकते. शेजारच्या भोरगडावर संरक्षण खात्याचे रडार आहे, तिकडे पाय वळवायचा विचार सोडा.

आता अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर 20 किलोमीटरच्या आसपास फाटा, गाव ओलांडून वनखात्याच्या चौकीशी गाडी लावायची. तिथून वाट दोन कड्यांमधल्या घळीत शिरते आणि पायऱ्या सुरू होतात. वाटेत कातळात जैन लेणे आहे, थांबायला चांगली जागा. घळ संपली की एकदम पठार आणि त्यावर अंजनीमातेचे देऊळ. चौकीपासून इथपर्यंत सव्वा ते दीड तास. पुढे तळे, आणि त्याच्याही पुढे बालेकिल्ल्याचा खडा चढ. अर्ध्या दिवसाचे गणित तळ्यापर्यंतच बसते. बालेकिल्ला धरला तर जेवण तीनला, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पावसाळ्यात घळीतल्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि शेवाळ धरते. तिथे पायरीच्या मधोमध पाऊल टाका, गुळगुळीत झालेल्या कडेवर नको. बुटाचा तळवा मऊ रबराचा, खाचा निदान चार-पाच मिलिमीटर खोल. घासलेला स्पोर्ट्स शू इथे चपलेहून वाईट. शहरातल्या आभाळावरून अंदाज बांधू नका : त्र्यंबकचा पट्टा घाटमाथ्याला लागून असल्याने नाशकात रिमझिम असते तेव्हा तिकडे धो धो असू शकते. पठारावर धुके उतरले तर दहा पावलांवरचे देऊळ दिसत नाही, अशा वेळी तळ्याचा नाद सोडून देवळाशीच थांबावे. विजा चमकत असतील तर पठारावर जाऊच नये.

याच पठारावर पावसाळ्यात सेरोपेजिया अंजनेरिका फुलते, अंजनेरीचे नाव मिळालेले कंदीलपुष्प. ते गवतातच असते, म्हणून फोटोसाठीसुद्धा मळलेली वाट सोडू नका. माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज पुरतो. डबा सॅकच्या आत, हातात फक्त काठी.

काठीचे माप : चढताना कोपर काटकोनात, उतरताना पाच ते दहा सेंटीमीटर लांब. पायाची नखे दोन दिवस आधी कापा, बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि उतरण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी आवळा. अंगठा पुढे आदळून नख काळे पडते ते याच तीन गोष्टी विसरल्याने. पाणी थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. खायला गूळ-शेंगदाणे, दशमी. मिसळ उतरल्यावर.

हरिहर किल्ल्याला या यादीत जागा दिलेली नाही. तिथल्या जवळपास उभ्या पायऱ्यांवर चढणारा आणि उतरणारा एकाच खोबणीत हात घालतो, आणि रविवारी तिथे उतरायला किती वेळ लागेल ते पुढच्या माणसावर ठरते.